प्रोजेक्टरवरचा पॅटर्न जागेवरून सरकतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पट्ट्या, ग्रे कोड (काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची सांकेतिक मालिका), ठिपके किंवा चौकटी प्रोजेक्टरवरून वस्तूवर टाकून, कॅमेऱ्याने त्यांचे फोटो घेऊन वस्तूचं त्रिमितीय मोजमाप करणाऱ्यांसाठी हे पान आहे. सिनेमा बघताना चित्र दोन पिक्सेल इकडे-तिकडे झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. मोजमापात मात्र पिक्सेलची जागा हेच माप असतं, त्यामुळे इथे सरकलेला पॅटर्न म्हणजे थेट चुकलेलं उत्तर.

पॅटर्न सरकल्यासारखा वाटतोय. सुरुवात कुठून करू?

केबल बदलू नका, ड्रायव्हर नव्याने टाकू नका. आधी सरकणं मोजा. किती पिक्सेल, कोणत्या दिशेला, सगळीकडे सारखं की कडेला जास्त, आणि कधी: एकदम उडी मारल्यासारखं की हळूहळू? एवढं कागदावर आलं की निम्म्याहून जास्त काम होतं.

माझा आडाखा असा. पूर्ण पिक्सेलची उडी असेल, म्हणजे नेमकी १, २ किंवा १६, तर दोष फाइलमध्ये, सॉफ्टवेअरमध्ये किंवा सिग्नलमध्ये. पाव, अर्धा असा अपूर्णांक असेल आणि तो तासाभरात वाढत जात असेल, तर उष्णता किंवा बसवणूक. मध्यभागी शून्य आणि कडेकडे वाढत जाणारं असेल, तर कुठेतरी चित्र लहान-मोठं केलं जातंय. आणि सरकणं फेजच्या (पट्टीतली जागा अंशांत, पूर्ण पट्टी म्हणजे ३६०) एका टप्प्याएवढं भरत असेल, तर पॅटर्न सरकलेलाच नाही. कॅमेऱ्याने भलतीच फ्रेम उचलली आहे. आडाख्याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

एका पिक्सेलने एवढं काय बिघडतं?

पट्टीची रुंदी किती, यावर ते अवलंबून आहे. एक पूर्ण पट्टी (उजळ आणि गडद भाग मिळून) १८ पिक्सेलची असेल तर १ पिक्सेल म्हणजे ३६० अंशांपैकी २० अंश. चांगल्या मांडणीत आपण फेज अंशाच्या काही भागापर्यंत वाचायची अपेक्षा धरतो, तिथे २० अंश म्हणजे मोजमापच हातचं गेलं. पट्टी ७२ पिक्सेलची असेल तर तोच एक पिक्सेल ५ अंश. फेजमधली चूक अंशांत घटली, म्हणून खोलीतली चूक घटली असं मात्र नाही. शेवटी सगळं प्रोजेक्टरच्या पिक्सेलमध्येच परत मोजलं जातं आणि एक पिक्सेल तो एक पिक्सेलच राहतो.

हललं कोण, प्रोजेक्टर की कॅमेरा?

हा प्रश्न लोक फार उशिरा विचारतात. पडद्यावर किंवा पाटावर चार-पाच काळे ठिपके कायमचे चिकटवा. पॅटर्नच्या प्रत्येक फोटोत ते दिसले पाहिजेत. ठिपके आणि पॅटर्न दोन्ही एकत्र सरकले तर कॅमेरा हलला. ठिपके जागेवर आणि पॅटर्न सरकला तर प्रोजेक्टर किंवा त्याच्या मागची साखळी. ठिपके एकमेकांपासून दूर गेले तर कॅमेऱ्याचा फोकस किंवा झूम बदललाय.

सगळे पॅटर्न एकसारखेच सरकलेत. मग चिंता करायची का?

कॅलिब्रेशनच्या वेळीही, म्हणजे माहीत असलेल्या मापावरून प्रोजेक्टर-कॅमेऱ्याची जुळणी ठरवतानाही, तेवढेच सरकलेले असतील तर नाही. स्थिर सरकणं कॅलिब्रेशनमध्ये विरून जातं. प्रोजेक्टरचा मुख्य बिंदू (भिंगाचा अक्ष चित्राला जिथे छेदतो तो) तेवढा बाजूला धरला जातो आणि हिशेब जुळतो. घात करतं ते बदलणारं सरकणं: काल एक, आज दुसरं, किंवा मालिकेतल्या तिसऱ्याच पॅटर्नला वेगळं. म्हणून कॅलिब्रेशननंतर रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट, ग्राफिक्स ड्रायव्हर यांतलं काहीही बदललं तर कॅलिब्रेशन पुन्हा करा. आळस करू नका.

मी पाठवलेला पिक्सेल आणि पडद्यावरचा पिक्सेल एकास एक जुळतोय, हे कसं ओळखू?

दोन पॅटर्न तयार ठेवा.

पहिला, एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशी बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी. पडद्याजवळ जाऊन डोळ्यांनी बघा. जुळत असेल तर जवळून टोकदार चौकोन दिसतात आणि दुरून सपाट करडा रंग. कुठेतरी चित्र लहान-मोठं केलं जात असेल तर दुरूनच रुंद, धूसर पट्टे आणि ढग दिसतात. हे कॅमेऱ्यातून तपासू नका, कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरची स्वतःची जाळी त्यात मिसळून नसलेले पट्टे दाखवते.

दुसरा, पूर्ण काळ्या चित्राच्या चारही कडांना एक-एक पिक्सेलची रेघ: पहिला स्तंभ, शेवटचा स्तंभ, पहिली ओळ, शेवटची ओळ. चारही दिसल्या पाहिजेत. डावी गायब आणि उजवीच्या पुढे काळी फट असेल तर चित्र डावीकडे सरकलंय. चारही गायब असतील तर ओव्हरस्कॅन चालू आहे, म्हणजे कडा कापून उरलेलं चित्र ताणलं जातंय. या दुसऱ्या पॅटर्नला एक मिनिट लागतं आणि तो दिवसभराचा शोध वाचवतो. मी तो प्रत्येक मालिकेच्या सुरुवातीला ठेवतो.

जुळत नसेल तर तीन जागा बघा. संगणकाचं रिझोल्यूशन प्रोजेक्टरमधल्या चित्र बनवणाऱ्या चिपच्या मूळ रिझोल्यूशनएवढं आहे का? ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये स्केलिंग बंद आहे का? प्रोजेक्टरच्या मेनूत ओव्हरस्कॅन, डिजिटल झूम, कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र सरळ करणारी सोय) आणि आस्पेक्ट बदलणारे पर्याय मूळ स्थितीत आहेत का? प्रोजेक्टरवर लिहिलेलं ‘सपोर्टेड रिझोल्यूशन’ आणि ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं तो स्वीकारतो, दुसरं त्याच्याकडे खरोखर असतं.

सगळं जुळवलं, तरी विंडोजवर पॅटर्न सरकलेला किंवा मोठा दिसतो.

डिस्प्ले सेटिंगमध्ये मजकूर आणि खिडक्यांचा आकार १२५ किंवा १५० टक्के केलेला असतो. तुमचा प्रोग्राम या स्केलिंगची दखल घेणारा नसेल तर विंडोज त्याचं सगळं चित्र परस्पर ताणतं. प्रोजेक्टरच्या स्क्रीनसाठी १०० टक्के ठेवा. लॅपटॉपची स्क्रीन १५० वर आणि प्रोजेक्टर १०० वर असेल तर खिडकी एका स्क्रीनवरून दुसरीवर नेताना घोळ होतो, म्हणून ती थेट प्रोजेक्टरच्या निर्देशांकांवरच उघडा.

खिडकी फुलस्क्रीन आहे याची खात्री डोळ्यांनी करा. शीर्षकाची पट्टी दिसत नसली तरी कडेला एक-दोन पिक्सेलची फिकट चौकट राहू शकते, आणि पॅटर्न तेवढाच आत ढकलला जातो. कडांच्या रेघांचा पॅटर्न इथेही लगेच चुगली करतो.

ग्राफिक्स लायब्ररीतून चित्र टेक्स्चर म्हणून रंगवत असाल तर आणखी एक खोच आहे. पिक्सेलचा केंद्रबिंदू काही पद्धतींत पूर्णांकावर धरतात, काहींत अर्ध्यावर. दोन्ही मिसळल्या की नेमका अर्धा पिक्सेल सरकतो आणि कडा धूसर होतात. फिल्टरिंग ‘निअरेस्ट’ ठेवा, लिनिअर नको.

पॅटर्न फाइलमधूनच वाकडा येतोय का?

येऊ शकतो, आणि याची खूण स्पष्ट असते: उभी रेघ तिरकी दिसते. बीएमपी फाइलमध्ये प्रत्येक ओळीचे बाइट ४ च्या पटीत भरावे लागतात. ९१२ पिक्सेल रुंदीच्या १ बिटच्या चित्रात ओळीला ११४ बाइट लागतात, पण फाइलमध्ये ते ११६ होतात. वाचणाऱ्या कोडने ते वरचे २ बाइट सोडले नाहीत तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा १६ पिक्सेल सरकते. बीएमपीत ओळी सहसा खालून वर साठवलेल्या असतात, त्यामुळे पॅटर्न उलटा दिसला तरी प्रोजेक्टरच्या ‘सीलिंग माउंट’ला दोष देण्याआधी फाइल बघा.

जेपीईजी वापरू नका. पीएनजी किंवा बीएमपीच.

माझ्याकडे ९१२ × ११४० ची चिप आहे. उभी रेघ नागमोडी दिसते. खराब आहे का?

नाही, ती रचनाच तशी आहे. डीएमडी, म्हणजे लाखो सूक्ष्म आरशांची चिप, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधल्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये साकारली. पुढे काही छोट्या चिपमध्ये आरसे ४५ अंशांत फिरवून, चौकटच्या पत्त्यावरच्या चौकटीसारखे बसवले गेले. ०.४५ इंची चिपमध्ये आरशांमधलं अंतर ७.६ मायक्रोमीटर, तिरक्या मापाने सुमारे १०.८. एकाआड एक ओळी अर्ध्या स्तंभाने बाजूला असतात. म्हणून एक पिक्सेल रुंदीची उभी रेघ नागमोडीच दिसणार.

आणखी एक परिणाम: स्तंभांमधलं अंतर १०.८ मायक्रोमीटर आणि ओळींमधलं ५.४, म्हणून ९१२ × ११४० चं उभट चित्र पडद्यावर आडवं, साधारण १.६ : १ आकाराचं पडतं. फाइलमध्ये गोल काढला तर पडद्यावर तो आडवा लांबट होणार, म्हणून पॅटर्न बनवतानाच हे गुणोत्तर धरा. एचडीएमआयवरून पाठवताना नेमकं ९१२ × ११४० पाठवा. १२८० × ८०० पाठवलं तर कंट्रोलर ते चिपवर बसवण्यासाठी पिक्सेलची फेरमोजणी करतो आणि बारीक पट्ट्या पुसट होतात. सॉफ्टवेअरमध्ये चिपच्या निर्देशांकांचं प्रत्यक्ष जागेत रूपांतर करताना विषम ओळींना अर्धा स्तंभ मिळवायला विसरलात तर ओळीओळीने फेज वर-खाली होते. हा दोष ‘नॉइज’ समजून गुळगुळीत करून टाकणारे बरेच भेटतात. करू नका, मूळ कारण सोपं आहे.

मालिकेतला एखादाच पॅटर्न सरकलेला येतो. कधी येतो, कधी नाही.

इथे थोडं थांबून बघू, कारण सरकण्याच्या तक्रारींमधला सर्वांत फसवा प्रकार हाच.

चार टप्प्यांच्या फेज शिफ्टिंगमध्ये प्रत्येक पॅटर्न आधीच्यापेक्षा ९० अंशांनी सरकलेला असतो. पट्टी ३६ पिक्सेलची असेल तर ९ पिक्सेल. आता तुम्ही तिसरा पॅटर्न दाखवायला सांगितला आणि कॅमेऱ्याने दुसरा असतानाच फोटो घेतला, तर फोटोत पॅटर्न बरोब्बर ९ पिक्सेल मागे दिसेल. जागेवरून काहीच हललेलं नसतं. वेळ चुकलेली असते.

६० हर्ट्झला एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंद टिकते. प्रोग्रामने चित्र काढायला सांगितल्यापासून ते पडद्यावर येईपर्यंत ऑपरेटिंग सिस्टिमची रांग, ग्राफिक्स कार्डाचा बफर आणि प्रोजेक्टरची स्वतःची प्रक्रिया असे टप्पे असतात आणि प्रत्येक जण एखादी फ्रेम खातो. शिवाय हा उशीर दरवेळी सारखा नसतो. कोडमध्ये अंदाजाने ५० मिलिसेकंद थांबायला सांगणं म्हणजे नशिबावर सोडणं.

तपासायचं असं: प्रत्येक पॅटर्नच्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या चौकोनांनी त्याचा क्रमांक लिहा. पाच चौकोनांत ३२ पॅटर्न ओळखता येतात. फोटोतला क्रमांक आणि कोडमधला क्रमांक जुळला नाही की विषय संपला. चौकोन करडे दिसले तर आणखी वेगळं निदान होतं: एक्स्पोजर दोन पॅटर्नवर पसरलंय आणि फोटोत दोघांची भेसळ आहे. फोटोच्या वरच्या भागात एक पॅटर्न आणि खाली दुसरा दिसला तर कॅमेरा रोलिंग शटरचा, म्हणजे फोटो ओळीओळीने टिपणारा आहे.

उपाय ट्रिगरचा, म्हणजे पॅटर्न पडला की कॅमेऱ्याला ‘आता टिप’ असं सांगणाऱ्या सिग्नलचा आहे. पॅटर्नसाठी बनवलेल्या प्रोजेक्टर-बोर्डांना ट्रिगर आऊट असतो. तो कॅमेऱ्याला जोडा आणि पॅटर्न शक्य तर बोर्डाच्या स्वतःच्या मेमरीतून चालवा, म्हणजे संगणकाची रांगच मधून निघून जाते. साधा ऑफिसचा प्रोजेक्टर असेल तर व्हीसिंक (चित्र फ्रेमच्या सीमेवरच बदलणारी सेटिंग) चालू ठेवा, प्रत्येक पॅटर्न अनेक फ्रेम टिकवा आणि फोटो त्या काळाच्या उत्तरार्धात घ्या. वेग जाईल, पण उत्तर खरं येईल. एक्स्पोजर फ्रेमच्या वेळेच्या पूर्ण पटीत ठेवा, कारण डीएलपी, म्हणजे डीएमडी चिपवर चालणारा प्रोजेक्टर करडी छटा आरसे भराभर उघड-बंद करून तयार करतो आणि अर्धवट फ्रेम टिपली तर छटाच चुकते.

एका फ्रेममध्ये २४ पॅटर्न भरून पाठवतो. क्रम उलटासुलटा येतो.

२४ बिटच्या चित्रातून प्रत्येक बिट हा स्वतंत्र पॅटर्न म्हणून वापरता येतो. काही कंट्रोलर बिट वाचताना हिरवा, लाल, निळा असा क्रम धरतात आणि आपण सवयीने लाल, हिरवा, निळा भरतो. बोर्डाच्या मार्गदर्शिकेतला तक्ता बघून भरा. आणि सगळ्या पॅटर्नच्या वेळेची बेरीज एका फ्रेमच्या वेळेत बसली पाहिजे, नाहीतर मालिका मधेच तुटते.

या पद्धतीत सिग्नल पूर्ण आरजीबी हवा. ४:२:२ किंवा ४:२:० (रंगाची माहिती कमी करून पाठवणारे प्रकार) असला तर शेजारच्या पिक्सेलचे रंग एकत्र सरासरीत जातात आणि बिटांचा अर्थच उरत नाही. ग्राफिक्स कार्डाचं डिदरिंगही (मधल्या छटा भासवण्यासाठी पिक्सेल किंचित बदलणं) बंद करा.

स्वतः बनवलेल्या बोर्डावर चित्र ठरावीक पिक्सेलने आडवं सरकतं.

सिग्नलच्या मोकळ्या वेळेचा, म्हणजे ओळीतल्या न दिसणाऱ्या भागाचा हिशेब तपासा. १०८०पी ला ६० हर्ट्झवर एका ओळीत दिसणारे १९२० पिक्सेल असतात, पण एकूण २२००. उरलेल्या २८० मध्ये पुढची मोकळी जागा ८८, सिंक (ओळीची वेळ जुळवणारी खूण) ४४, मागची १४८. सरकणं ४४, १४८ किंवा १९२ असं भरलं तर दिसणारा भाग कुठून सुरू होतो हे मोजताना सिंकचा भलता काठ धरलाय. एकच पिक्सेल असेल तर डेटा एक क्लॉक आधी किंवा नंतर पकडला जातोय.

व्हीजीए केबल आहे.

शक्य असेल तर बदला. ॲनालॉग सिग्नलमध्ये चित्राची जागा प्रोजेक्टर अंदाजाने ठरवतो. ‘ऑटो ॲडजस्ट’ तर चित्राच्या उजळ कडा शोधतो. तुमच्या पॅटर्नच्या कडा काळ्या असतील तर तो चित्र आतून सुरू होतंय असं समजून ते सरकवतो. बदलता येत नसेल तर कडांना पांढरी रेघ असलेलं चित्र लावून एकदाच ॲडजस्ट करा आणि मग ते बटण विसरा.

४के प्रोजेक्टरवर सगळंच अर्ध्या पिक्सेलने थरथरतं.

अनेक ४के डीएलपी प्रोजेक्टरांत १९२० × १०८० आरशांचीच चिप असते. एक हलणारी काच चित्र चार जागांवर पटापट सरकवते आणि त्यातून ३८४० × २१६० तयार होतं. तुमच्या पॅटर्नसाठी हे मुद्दाम केलेलं सरकणंच आहे. पूर्ण पिक्सेलच्या आडाख्याला असलेला एक अपवाद हा. मेनूत ते बंद करता येत असेल तर करा आणि १०८०पी पाठवा. येत नसेल तर मोजमापाला दुसरा प्रोजेक्टर घ्या, हे माझं स्पष्ट मत.

सकाळी बरोबर असतं, तासाभराने सरकतं.

उष्णता. आकडे बघितले की आश्चर्य वाटत नाही. आरशांमधलं अंतर ७.६ मायक्रोमीटर असेल तर भिंग चिपच्या तुलनेत १ मायक्रोमीटर बाजूला गेलं तरी चित्र ०.१३ पिक्सेल सरकतं. ५० मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा १० अंश सेल्सियसने तापला की सुमारे ११.५ मायक्रोमीटर वाढतो. ही वाढ सगळी एकाच बाजूला जात नाही, तरी तिचा थोडा भागही पुरेसा असतो.

प्रोजेक्टर आणि कॅमेरा दोन्ही चालू करा, ठिपक्यांची जाळी टाका, दर मिनिटाला फोटो घ्या आणि ठिपक्यांच्या केंद्राचा आलेख काढा. रेघ सपाट झाली की तुमच्या यंत्राला तापायला किती वेळ लागतो ते कळलं. पुढे दरवेळी तेवढं थांबा आणि कॅलिब्रेशनही तापलेल्या अवस्थेतच करा. मधल्या वेळेत काळा पॅटर्न लावून ठेवत असाल तर एक लक्षात घ्या: एलईडी पॅटर्ननुसार कमी-जास्त होणारा प्रोजेक्टर काळ्या पॅटर्नवर थंड होतो.

उष्णता नाही, तरी हळूहळू खाली येतंय.

लेन्स शिफ्टची यंत्रणा, झूमची कडी किंवा स्टँड स्वतःच्या वजनाने बसतोय. ०.०१ अंशाचा झुकाव १ मीटरवर ०.१७ मिलिमीटर होतो. ६०० मिलिमीटर रुंद चित्रात १९२० पिक्सेल असतील तर तो अर्ध्या पिक्सेलहून जास्त. लेन्स शिफ्ट मूळ जागी ठेवा, कडी स्क्रूने आवळा, प्रोजेक्टर आणि कॅमेरा एकाच ताठ पट्टीवर बसवा. ऑटो कीस्टोन आणि ऑटो फोकस बंद हवेत: टेबलाला धक्का लागला की आतला सेन्सर जागा होतो आणि चित्र नव्याने वाकवतो.

लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या जागी पडतात.

मध्यभागी जुळून कडेला फाटत असतील तर भिंगाचा गुण आहे. सगळीकडे सारखेच बाजूला असतील आणि प्रोजेक्टर तीन एलसीडी पॅनेलचा असेल तर पॅनेल जुळलेले नाहीत. काहींच्या मेनूत त्याची दुरुस्ती असते, पण ती बहुधा चित्राची फेरमोजणी करून होते. मोजमापाला एकच रंग वापरा, बहुतेकदा हिरवा.

फेजमध्ये लाटा दिसतात. हे सरकणं की गॅमा?

सपाट पाट ठेवून एका पट्टीत किती लाटा येतात ते मोजा. तीन टप्प्यांच्या पद्धतीत तीन लाटा असतील तर गॅमा, म्हणजे पाठवलेली छटा आणि पडलेला उजेड यांचं प्रमाण सरळ नाही. दोन असतील तर टप्पे सारखे पडलेले नाहीत, म्हणजे एखादा पॅटर्न सरकलाय. एकच असेल तर एखाद्या फोटोचा एकूण उजळपणा बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे. इतक्या साध्या मोजणीतून एवढं निदान होतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

घेतलेल्या फोटोंमधून सरकणं नंतर दुरुस्त होतं का?

सगळी मालिका एकसारखी सरकली असेल आणि पाटावर कायमचे ठिपके असतील तर हो, तेवढं वजा करा. एखाद्या टप्प्याचं अंतर चुकलं असेल तर प्रत्यक्ष पडलेले टप्पे फोटोंमधूनच काढणाऱ्या लीस्ट स्क्वेअर्स (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणाऱ्या) पद्धती आहेत. त्यांना एका फोटोत बऱ्याच पट्ट्या दिसाव्या लागतात आणि टप्पे जितके जास्त तितका निकाल पक्का. सरकलेला पॅटर्न उलट सरकवून प्रोजेक्टरला पाठवणं चालतं, पण पूर्ण पिक्सेलमध्येच. अपूर्णांक हवा असेल तर तयार चित्र ताणू नका, सूत्रातली सुरुवातीची फेज बदलून पॅटर्न नव्याने काढा.

दोन पॅटर्नची भेसळ झालेले फोटो मात्र टाकून द्या आणि ट्रिगर जोडून मालिका पुन्हा घ्या.